परिषदेला का जायचंय, एका पानात लिहा

माझ्या नवऱ्याला माझा पगार, माझी पाठदुखी आणि माझ्या माहेरच्या सगळ्या भानगडी माहीत आहेत. ही एक गोष्ट माहीत नाही. आईला नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू? ओळखत असता तर आत्ताही गप्प बसले असते.

आधी मी काय करते ते सांगावं लागेल, पेणमध्ये ते कुणालाच धड कळत नाही. मी इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे. म्हणजे कारखान्यांतल्या कामगारांना मोबाइलवर जे धडे बघावे लागतात – हेल्मेट कधी घालायचं, गॅस गळला तर कुठल्या बाजूला पळायचं – ते धडे मी रचते. चित्र कुठे, वाक्य कुठलं, शेवटी प्रश्न कोणते, हे सगळं. माझी जाऊ आलेल्या पाहुण्यांना सांगते, ‘ही कॉम्प्युटरवर टायपिंग करते.’ पंधरा वर्षं झाली. तिला दुरुस्त करणं मी कधीच सोडून दिलंय.

आमचं ऑफिस पेणला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. सगळी मिळून सात माणसं. कामं येतात ती बहुतेक रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतून. चार वर्षांपूर्वी आमच्या सरांनी, म्हणजे मालकांनी, जाहीर केलं की बेंगळुरूला ई-लर्निंगवाल्यांची तीन दिवसांची परिषद आहे आणि आपल्यातल्या एकाला पाठवायचं. कुणाला? तर प्रत्येकाने एक पान लिहून द्यायचं – परिषदेला का जायचंय.

का जायचं असतं हो, आमच्यासारख्यांना? विमानात बसायला मिळतं. हॉटेलातल्या नाश्त्याला चौदा पदार्थ असतात म्हणे. गळ्यात पट्टी, पट्टीला नाव, नावासकट फोटो. यातलं काही कुणी पानावर लिहिणार नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात होतंच. माझ्या मनात आणखी एक होतं. ‘मी इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे’ म्हटल्यावर ‘म्हणजे काय?’ असं विचारणार नाहीत, अशा माणसांत मला तीन दिवस राहायचं होतं. बस, एवढंच. पण हे लिहायची लाज वाटली. मग लिहिलं नेहमीचं – नवीन तंत्रज्ञानाची ओळख, ज्ञानाची देवाणघेवाण. वाचताना मलाच जांभई आली.

आता दर्शनाकडे यायला हवं. मघापासून टाळतेय मी.

दर्शना पेणजवळच्या जोहे गावची. चोवीस-पंचवीसची, सडपातळ, बोलायला मोकळी. तिचे वडील गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखतात. आमच्याकडे ती वर्षाच्या करारावर होती आणि करार संपत आला होता. सर मला म्हणाले होते, ‘हिचं पान बघू. पोरगी विचार करते की नुसतं सांगितलेलं करते, ते कळेल. मग कायम करायचं की नाही ते ठरवू.’ माझी नोकरी पक्की होती. मला त्या पानाने फार तर विमान मिळणार होतं. तिला काय मिळणार होतं किंवा जाणार होतं, हे ऑफिसात फक्त दोघांना ठाऊक होतं – सरांना आणि मला.

आमच्या कामाची एक रीत आहे. कुणाचंही लिखाण सरांकडे जाण्याआधी दुसऱ्याने वाचायचं आणि कडेला शेरे मारायचे. लिहिणाऱ्याने त्याप्रमाणे बदल करायचे, वाद घालायचा नाही. आपण लिहिलेल्यातल्या चुका आपल्याला दिसत नाहीत, म्हणून ही रीत. चांगली आहे. तर या रीतीने दर्शनाचं पान माझ्याकडे आलं.

‘ताई, जरा बघता काय?’ ती म्हणाली. ‘असलं मला लिवायला जमत नाय. काय चुकलं असंल तर सरळ सांगा.’

मी वाचलं.

तिने लिहिलं होतं, की महिन्यापूर्वी ती रोह्याला एका कारखान्याच्या गेटवरच्या खोलीत दिवसभर बसली होती. मी केलेला धडा तिथे चालू होता. कंत्राटी कामगार बारा, मोबाइल एक. मुकादम ‘पुढे, पुढे’ दाबत गेला, शेवटची उत्तरंही त्यानेच दिली, आणि बाराच्या बारा पास झाले. पडद्याकडे कुणी बघतच नव्हतं. मग एक म्हातारा फिटर मास्क चढवायला लागला, तेव्हा मात्र सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. पट्टा तो दोनदा कुठे ओढतो, ते सगळ्यांनी पाहिलं. पुढे लिहिलं होतं – आमच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी कुणी शिकवत नाही. शेजारी बसायचं आणि हात बघायचा, दोन-दोन वर्षं. आपण धडे करतो ते एकट्या बसलेल्या माणसासाठी. आमची माणसं एकटी शिकतच नाहीत. मग शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांसाठी धडा कसा करायचा? हे मला तिथल्या लोकांना विचारायचंय, म्हणून जायचंय.

संपलं. पाऊण पान. शुद्धलेखनाच्या चार चुका.

मी उठून चहा घेतला, परत येऊन पुन्हा वाचलं. मला काय वाटलं? राग आला. हो, राग. तेव्हा अकरा वर्षं मी हे काम करत होते, रोह्याला शंभरदा गेले असेन, आणि त्या खोलीत मी कधी दहा मिनिटांच्या वर बसले नव्हते. हे मला सुचायला हवं होतं. मला का नाही सुचलं?

आता सांगते. तिच्या पानाच्या कडेला मी शेरे मारले. पहिला – ‘प्रसंग फार लांबला. काढावा.’ दुसरा – ‘मूर्तींचं उदाहरण घरगुती वाटतं. काढावं.’ तिसरा – ‘प्रश्न विचारायला नाही, शिकायला जायचंय असं लिहावं.’ आणि सगळ्याच्या खाली – ‘नवीन तंत्रज्ञान, ज्ञानाची देवाणघेवाण हे मुद्दे यावेत.’

माझीच वाक्यं मी तिला दिली. तिने रीतीप्रमाणे सगळं बदललं, वर धन्यवाद म्हटलं. आणि तिचं मी घेतलं. माझं पान फाडून नवीन लिहिलं – रोह्याची खोली, फिटरचे हात, आणि ‘पेणजवळच्या एका मूर्तिकारखान्यात मी पाहिलं की’. मी काहीही पाहिलेलं नव्हतं. दर्शनाने दोनदा घरी बोलावलं होतं, मीच गेले नव्हते.

सरांनी माझं पान सगळ्यांसमोर वाचून दाखवलं असतं तर तिथेच उघडं पडलं असतं. त्यांनी वाचलं नाही. नुसतं माझं नाव सांगितलं, आणि नंतर मला एकटीला म्हणाले, ‘इतक्या वर्षांत तू असं कधी लिहिलं नव्हतंस.’ मी हसले. दर्शनाच्या पानाबद्दल म्हणाले, ‘पाठ करून आल्यासारखं आहे.’

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. ‘सर, तिचं पहिलं पान बघा.’ तोंड उघडलं का? नाही. घाबरले होते म्हणावं, तर तसंही नाही. मला जायचं होतं.

बेंगळुरू छान होतं. नाश्ता खरंच भरपूर होता. एका सत्रात आम्हाला आपापले प्रश्न मांडायला सांगितले, मी दर्शनाचा मांडला, आणि अख्खी खोली माझ्याकडे वळली. मग एका बाईने विचारलं, ‘शेजारी बसून शिकणाऱ्याला, आपलं चुकलं हे कसं कळतं?’ मला काय माहीत! मी काहीतरी पुटपुटले, म्हटलं, यावर अजून काम चालू आहे. त्यांनी ते लिहूनही घेतलं.

परत आल्यावर मी दर्शनालाच विचारलं. सहज, डबा खाता खाता, जणू वडिलांची चौकशी करतेय. ती लगेच म्हणाली, ‘बापूस काय बोलत नाय ओ. हातातला ब्रश काढून घेतो नि आपल्या हातान् रेघ मारतो. परत ब्रश देतो. त्यात काय ता समजायचा.’ तेही मी परिषदेच्या अहवालात घातलं. त्यावरून आमच्या ऑफिसने दोन-दोन कामगारांनी मिळून बघायचे धडे सुरू केले. एकाने करायचं, दुसऱ्याने थांबवायचं. ते धडे चालले, अजूनही चालतात. रोह्यात लोक मास्क नीट लावतात, हे मी स्वतः पाहून आलेय. आणि मी आता टीमची प्रमुख आहे.

दर्शनाचा करार पुढे वाढला नाही. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे दिले. तिच्यासाठी शब्द टाकीन असं मी म्हटलं होतं. टाकला नाही, कारण टाकला असता तर सर म्हणाले असते, पुन्हा काहीतरी लिहून आणायला सांग.

गेल्या महिन्यात ती पेणच्या एसटी स्टँडवर भेटली. डोलवीला एका कंत्राटदाराकडे असते, कामगारांचे गेटपास काढते. जरा भरलीय अंगाने. मला बघून धावतच आली. मी विचारलं, कसं चाललंय.

‘बरा हाय ताई,’ ती म्हणाली. ‘नाव, आधार नंबर, फोटो. दिवसाला साठ पास. डोक्याला ताप नाय.’ मग माझा हात धरून म्हणाली, ‘तुमी तवा सरळ सांगितलात ता बरा केलात. मला आपला वाटायचा, मला काय काय सुचतं म्हणून. दुसऱ्या कुणी सांगितला नसता. उगाच आशेवर रायले असते.’

ती मनापासून म्हणत होती. टोमणा असता तर तिच्या डोळ्यांत दिसला असता.

मी म्हटलं, ‘हो गं. बरंच झालं.’

तिला सुचत होतं. हे मला ते पान वाचलं तेव्हा माहीत होतं आणि स्टँडवर तिने माझा हात धरला होता तेव्हाही माहीत होतं. जोह्याची गाडी लागायला अजून दहा मिनिटं होती. आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो आणि मी तिला तिच्या वडिलांची तब्येत विचारत राहिले.