बगळ्याचा हात

पनवेलच्या केबल चॅनेलवर तेव्हा रविवारी सकाळी एक बगळा यायचा. लांब मान, लाल चोच, आणि तोंडाचा पट्टा असा की समोरच्याने हात टेकावेत. ज्या मुलांनी त्याच्यासमोर बसून दूध संपवलं, ती आता नोकरीधंद्याला लागली आहेत. कुणी ओळख करून दिली की डोळे मोठे करून विचारतात, "काकी, तो बगळा तुम्ही होतात?" मी म्हणते, अर्धा. मान माझी होती, जीभ सासूबाईंची.

मान म्हणजे माझा उजवा हात. शाळेच्या गणवेशाचा लांब पांढरा मोजा कोपरापर्यंत चढवलेला, जुन्या रबरी चपलेची कापून केलेली चोच आणि शर्टाची दोन बटणं म्हणजे डोळे. खाडीचं पाणी म्हणजे टेबलावरून सोडलेली माझी लग्नातली निळी साडी. पाऊस हवा असला की सुपात तांदूळ हलवायचे. पंखा बंद ठेवायचा, कारण माइकला तो फार ऐकू यायचा. शूटिंग लावायचं ते लाइट कधी जाणार हे बघून. भारनियमनापुढे बगळ्याचंही काही चालत नसे.

हा सगळा उद्योग आमच्या केबलवाल्या चाचांचा. एकदा ते वायर जोडायला शिडीवर चढले होते आणि खाली दारात सासूबाई एका मासळीवालीची हजेरी घेत होत्या. सासूबाई मोऱ्याच्या कोळीवाड्यातल्या; कोळणीलाच शिळी मासळी विकायला निघाली होती बिचारी. चाचा खाली उतरले आणि सासूबाईंना म्हणाले, "भाभी, हा आवाज टीव्हीवर पाहिजे." मी बालवाडीत शिकवायचे, मोज्यांच्या बाहुल्या करायचे. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तशी मीही त्यात ओढली गेले.

चाचांचा नियम एकच. "हात दिसला की खेळ खलास." सासूबाईंनी तो देवाच्या नेमासारखा पाळला. घरी बगळा कपाटावर बिस्किटांच्या डब्यात असायचा आणि आमच्या मुलीसमोर तो डबा कधी उघडायचा नाही. तिच्या लेखी बगळा खाडीत राहत होता आणि रविवारी कामाला येत होता.

शूटिंगला चाचांच्या केबलच्या खोलीत मी टेबलाखाली उकिडवी, हात वर. शेजारी पाटावर सासूबाई, त्यांचा तळवा माझ्या पाठीवर. बोलायच्या आधी त्या तळवा दाबायच्या, की मी चोच उघडायची. थोपटलं की मान वळवायची. हात दमून खाली आला की चिमटा. "मान वर ठेव. बगला हाय तो, पडवल नाय!" स्वयंपाकघरात आमचं फारसं जमत नसे. माझी आमटी त्यांना गोडमिट्ट लागायची, त्यांचं कालवण मला जाळायचं. पण त्या टेबलाखाली त्या श्वास कधी घेणार तेही मला कळायचं. सासूबाई मला तिथेच आवडायला लागल्या.

नवरा तेव्हा आखातात होता, जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत वेल्डर. मुलगी रांगत असताना तो गेला. शुक्रवारी त्याचा फोन यायचा. ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून त्याला बगळ्याच्या सगळ्या बातम्या द्यायची.

तो सुट्टीवर आला तेव्हा ती चौथ्या वर्षात होती. फोटोतल्यापेक्षा तो काळा पडला होता, पुढचे केस गेले होते. त्याने बोलणारी बाहुली पुढे केली, तर ही माझ्या मागे जाऊन रडायला लागली. "बाळा, मी बाबा," तो म्हणाला. ती म्हणाली, "बाबा फोनमध्ये हाय." तो हसला. पण त्या रात्री जेवला नाही.

दिवस जात होते. तो खोलीत आला की ती उठून जायची. सुट्टी संपत आली. हा असाच परत गेला, तर पुन्हा येईल तेव्हा ती शाळेत असेल आणि हा आणखी परका.

एका दुपारी सासूबाईंनी डबा खाली काढला आणि लेकाला म्हणाल्या, "ऊठ. घूस टेबलाखाली." मोजा पहिल्यांदाच माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातावर चढला आणि सासूबाई शेजारी पाट घेऊन बसल्या. मी निळी साडी सोडली आणि मुलीला हाक मारली. खाडीतला बगळा आपल्या घरी आलेला बघून ती दारातच थांबली. मग टेबलाखालून सासूबाईंनी भाताबद्दल, केसांबद्दल, शेंबडाबद्दल नेहमीसारखी उलटतपासणी सुरू केली आणि ती खुदुखुदु हसायला लागली.

पण नवऱ्याला सवय नव्हती. हात दमला, मान कलली. मुलगी पुढे झाली आणि मानेवरून हात फिरवत म्हणाली, "बगळ्या, तुझी मान दुखते का?"

चोच उघडली. आवाज आला नाही. शब्द शोधायची वेळ सासूबाईंवर कधी आली नव्हती, म्हणून मी साडी जराशी सारून पाहिलं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. चोच पुन्हा उघडली, मिटली. मग टेबलाखालून नवराच बोलला, "नाय गं बाय. आता नाय दुखत."

 तिने कोपऱ्यातल्या फोनकडे पाहिलं, मग बगळ्याकडे.

"बाबा?"

बगळ्याने मान हलवली. तिने रिसीव्हर धरावा तशी चोच दोन्ही हातांनी धरली आणि आवाज बारीक करून सांगितलं, "आमच्या घरात एक माणूस आलाय. तो सारखा माझ्याकडे बघतो."

"वाईट हाय तो?"

तिने विचार केला. "नाय. त्याने बाहुली आणली."

मग तिने चोच ओढली. मोजा सरकत सरकत हातात आला आणि वर राहिला तो वेल्डिंगच्या ठिणग्यांनी ठिपके पडलेला हात. माझं कोपर दिसलं तरी चिमटा काढणाऱ्या सासूबाई या वेळी पाट सरकवून बाजूला झाल्या. मुलीने त्या हाताचं एक बोट धरलं, साडी उचलली आणि आत शिरली. मी बाहेरच बसून राहिले आणि मनसोक्त रडले.

तो परत गेला तेव्हा जोडीतला दुसरा मोजा त्याच्या बॅगेत होता, मुलीने स्वतः ठेवलेला. शुक्रवारी फोन वाजला. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बाबा, मोजा घातलास?"

"घातलाय."

"मग बोल."