देवीदास मामांचा अ‍ॅडॅप्टर

माझे मामा देवीदास गजभिये रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. सगळी नोकरी रायपूरला काढली आणि निवृत्तीनंतर तेलीबांध्याकडे दोन खोल्या, व्हरांडा, गच्ची एवढं घर बांधून राहिले. स्वभाव भयंकर संशयी. कुलूप लावून निघाले की चार पावलांवरून परत येऊन ते ओढून बघणार. शेवंतामामी त्यावरून त्यांची यथेच्छ टर उडवायची. "कुलूप नाई, तुमचं डोकं ढिलं आहे," म्हणायची. तिच्या जिभेपुढे आमच्यातलं कुणी टिकत नसे.

मग तीच जीभ जड झाली. आधी जेवताना ठसका, मग अडखळणारे शब्द, मग हात. स्नायूंचा आजार आहे, यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. बघता बघता मामी खाटेला लागली. आवाज गेला. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलत राहिला.

मामांनी त्या अंगठ्याखाली बटण बसवलं, तार ओढली आणि स्वयंपाकघरात घंटी लावली. मी नवा रायपूरला एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळते. विकीचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, जुना कॉम्प्युटर घरात धूळ खात होता. त्यावर मी लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी प्रणाली घातली, कारण दुसरं काही त्याला झेपलं नसतं. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जातं, हवं ते आलं की बटण दाबायचं, असा प्रोग्राम बसवून दिला. पहिलं वाक्य जुळवायला मामीला बराच वेळ लागला. वाक्य असं होतं: "घंटी गाईच्या गळ्यात बांधतात. मले बोलाचं आहे."

मामांनी त्याच संध्याकाळी घंटी उतरवली.

आता तिचं बोलणं मामांच्या मोबाइलवर पोचायला हवं होतं, ते गच्चीवर असोत की बाजारात. तिची खाट सकाळी व्हरांड्यात उन्हाला यायची, दुपारी कूलरच्या खोलीत जायची, आणि चाकाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर तिच्यामागे फिरायचा. तार कुठे कुठे ओढणार? वायफाय हवं, आणि त्या जुन्या डब्यात ते नव्हतं. बाहेरून अ‍ॅडॅप्टर लावणं भाग होतं.

फार वेळही नव्हता. पुढे श्वास घेणंही थांबेल, तेव्हा गळ्याला छिद्र पाडून मशीन लावायचं का, हे पेशंटला विचारून आत्ताच ठरवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामांचं ठरलेलंच होतं. मशीन लावायचं. मामीला विचारलं की ती डोळे मिटून घ्यायची.

पहिला अ‍ॅडॅप्टर विकीने पुण्याहून पाठवला. दोन अँटेना, खोक्यावर वेगाचे मोठमोठे आकडे. लिनक्सने त्याला ओळखच दिली नाही. मी नेटवरून कुणीतरी लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्राम, शोधून, खटपट करून तो चालवला. छान चालला. मग एके दिवशी लिनक्स अपडेट झालं आणि अ‍ॅडॅप्टर गायब. मी म्हटलं, त्यात काय, दर अपडेटनंतर मी पुन्हा बसवून देत जाईन.

"म्हणजे तू तापानं पडली का मामी मुकी," मामा म्हणाले. विकीला ते फोनवर एवढंच म्हणाले, "चांगला आहे रे, आमच्या कामाचा नाई." विकी हिंदीत म्हणाला, "ठीक है बाबा, जैसा आप समझो."

दुसरा त्यांनी दुकानातून आणला. "लिनक्स में चलेगा ना भैया?" "बिलकुल चलेगा." चाललाही, ड्रायव्हर न घालता. पण मधूनच तो झोपी जायचा आणि तरीही त्याचा दिवा लुकलुकत राहायचा, पडद्यावर जोडणी शाबूत दिसायची. एका दुपारी मामा गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली लाल मुंग्या मामीच्या पायावर चढल्या. तिने लिहिलं, पाठवलं, पुन्हा पाठवलं. मामांचा फोन गप्प. ते खाली आले तेव्हा पाऊल सुजून लाल झालं होतं आणि मामीच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

मामांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "बिघडते ते बिघडते," ते म्हणाले. "सिग्नल विझला तर गाडी थांबते, कोणी मरत नाई. पण बिघडून हिरवा दाखवला त माणसं मरतात. हा खोटं बोलते."

त्यांनी मला विचारलं, लिनक्सच्या पोटातच ज्याचा ड्रायव्हर आहे असा कोणता? मी चिपचं नाव सांगितलं आणि तंबीही दिली, की तेच नाव, तेच खोकं, पण आत वेगळी चिप, असं कंपन्या सर्रास करतात. झालं. मामांनी अख्खा कॉम्प्युटर स्कूटरला बांधला आणि दुकानात नेला. तिथे एकेक अ‍ॅडॅप्टर लावून, आतली चिप कुठली ते पडद्यावर वाचूनच घेतला. साधा, हळू चालणारा, अँटेना आखूड. दुकानदार मला नंतर म्हणाला, "दीदी, आपके मामा ने तो दिमाग चाट लिया."

घरी आणून त्यांनी तो चालवून बघितला नाही, बिघडवून बघितला. राउटर बंद कर, चालू कर, अ‍ॅडॅप्टर उपट, परत लाव. दरवेळी तो आपला आपण उठून जोडला गेला, आणि तुटला तेव्हा तुटलो असं सांगितलं. तेवढ्यावरही समाधान नाही. माझ्याकडून पडद्याच्या वर एक पट्टी करून घेतली. मामांच्या फोनने 'मिळालं' असं उलट कळवलं तरच ती हिरवी होणार. नाहीतर लालच. मामीने त्यावर लिहिलं, "आता कुलूप ओढून पाहा." कितीतरी दिवसांनी मामा हसले.

त्या हिवाळ्यात मामीचा श्वास उथळ झाला. एका संध्याकाळी मी ऑफिसच्या बसमधून उतरून थेट त्यांच्याकडे गेले. मी आले म्हणून मामा औषधाच्या दुकानात गेले. ते फाटकाबाहेर पडल्याबरोबर मामीचा अंगठा चालू झाला. मी बाजूलाच बसले होते, अक्षरं दिसत होती. "मशीन नोको. तुमच्या तोंडावर सांगवत नाई. मले जाऊ द्या." तिने पाठवलं. पट्टी लाल होती, मग हिरवी झाली. मामीने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मला रडू आवरेना.

मामा उशिरा आले. पिशवी ठेवली. हातपाय धुवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग खाटेजवळ येऊन, तिच्याकडे न बघता म्हणाले, "दुकानात नेटच नव्हतं. काई आलं नाई."

उभ्या आयुष्यात हा माणूस खोटं बोललेला मला माहीत नाही. मामी अक्षरांकडे बघत राहिली. अंगठा हळूहळू दाबत गेली.

"हिरवी होती."

मामा त्या दोन शब्दांसमोर उभे राहिले. मग खाटेच्या कडेला बसले आणि तिचा अंगठा बटणावरून उचलून आपल्या मुठीत घेतला.

"हव," ते म्हणाले. "पोचलं, शेवंता."