राखुंडी

दातांच्या दवाखान्यात समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाई बोलताना तोंडावर पदर धरत होत्या. ती सवय माझ्या ओळखीची होती. माझाही हात कितीतरी वर्षं असाच ओठांवर असायचा. मग आवाजावरून बाईही ओळखू आल्या. चौथीला त्या आम्हांला शिकवायच्या.

दर सोमवारी त्या आमची नखं आणि दात तपासायच्या. माझे दात पिवळे, खडबडीत होते. वडिलांसारखेच, जन्मापासून वरचं कवच पातळ असलेले. बाईंना ती घाण वाटली. वर्गापुढे उभं करून त्या म्हणाल्या, "राखुंडीने घास. रक्त आलं तरी थांबू नकोस." मी महिनाभर घासलं आणि होतं नव्हतं ते कवचही गेलं. हसणंसुद्धा असं घासून जातं. पुढे गार पाण्याच्या प्रत्येक घोटाला मला तो वर्ग आठवायचा.

आता माझ्या सगळ्या दातांवर कॅप आहेत. मी बाईंकडे बघून तोंडभर हसले. त्यांनी मला ओळखलं नाही.

"किती छान दात गं तुझे!" पदराआडून त्या म्हणाल्या. "कशाने घासतेस?"

"राखुंडीने," मी म्हणाले. "रक्त आलं तरी थांबत नाही."