गण्याने रेषा शिवली होती

मंडळी, वाशीच्या सायबर कॅफेतून लिहितोय. आज दुपारचंच आहे.

आमच्या कबड्डी संघाला दहा दिवस सुट्टी. शिरवणे गावात गण्या, सुध्या आणि मी पाण्याच्या पंपाची जुनी मोटर लावून एक यंत्र बनवलं. पकडीत सापडलेल्या खेळाडूला ओढतात तसं ते माणसाला मागे ओढतं. दोर गण्याच्या पायाला, बटण माझ्या हातात. संघात चढाईला पहिला तो जातो. मी राखीव.

"दम तुटला तरच बंद कर," गण्या म्हणाला. "मी तुज्यासारका अर्ध्यावर रडत नाय."

मी मोटर सुरू केली. 'कबड्डी कबड्डी' म्हणत तो मधल्या रेषेकडे सरपटू लागला. दोराने घोटा पिळला. कट् असा आवाज आला.

"बंद कर ना, पाय गेला त्याचा!" सुध्या ओरडला.

"दम चालू हाय," मी म्हणालो.

गण्याने रेषेला बोट लावलं, मगच तो थांबला. मी बटण दाबून मोटर बंद केली.

दवाखान्यात नेताना रिक्षात त्याने विचारलं, "शिवली ना रे?"

"नाय," मी म्हणालो. सुध्या बाहेर बघत राहिला.

रविवारी निवड चाचणी आहे. गण्या प्लास्टरमध्ये, त्याच्या जागी मी. सुध्या म्हणतो, निदान रेषेचं तरी त्याला खरं सांग.

तुम्ही सांगितलं असतंत?