आत्याबाई रांग सोडत नाहीत

मी आयुष्यात एकदाच व्हीआयपी झाले, आणि तेसुद्धा जेवणाच्या वेळेपर्यंतच.

मी केजला एका सरकारी कार्यालयात खिडकीमागं बसते. म्हणजे रांग हा प्रकार मला नवा नाही. रोज बघते, पण आतून! आतून रांग फार छान दिसते. एकामागं एक चेहरे, हातात कागद, डोळ्यांत आशा. बाहेरून ती कशी दिसते याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. (रेशन आमचे हे आणतात, दवाखान्यात ओळख आहे, आणि एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात आमची पोरगी पटाईत आहे.)

तर मे महिन्याच्या सुट्टीत ही पोरगी, सातवीतली अस्मिता, मोबाइल घेऊन आली. मांजरसुंब्याच्या बाजूला हायवेला 'ढगवाडी' नावाचं नवं पार्क झालं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, भुताचं घर, आणि मधोमध आकाशपाळणा. एवढा उंच, की मोबाइलवर बघतानासुद्धा मी खुर्चीचा हात धरला. शेजारी माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून मोबाइलकडं बघितलं.

"ह्यो पाळना खराखुरा हाय का?"

"हो आजी."

"मला बसायचंय त्याच्यात."

शेंगा फुटायच्या थांबल्या. लग्न होऊन मी या घरात आल्यापासून आत्याबाईंनी कशाचाच हट्ट धरलेला नव्हता. लुगडं आणलं तरी "कावून आनलं?" म्हणायच्या.

"आई, गुडघे दुखतात ना तुझे?" हे म्हणाले.

"पाळना गुडघ्यानं वडायचा असतोय व्हय रं?"

झालं, ठरलं! आणि इथंच माझी हुशारी आडवी आली. मोबाइलवर खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : 'गोल्डन पास घ्या, रांगेला रामराम ठोका.' जास्तीचे पैसे भरा आणि सगळ्यांच्या आधी आत जा. मी म्हटलं, आत्याबाईंचे गुडघे, वर ऊन. पास घ्यायचाच.

"अगं, थोडं थांबलो तर काय बिघडतंय?" हे म्हणाले.

"तुमच्या आईच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे," मी म्हटलं. त्यांनी मुकाट्यानं पैसे भरले.

ढगवाडीच्या दारात पोचलो, तर साधी रांग पार गाड्या लावायच्या जागेपर्यंत गेलेली. आमच्यासाठी मात्र वेगळं दार! वर प्लॅस्टिकच्या झेंडूची कमान, खाली लाल गालिचा. दारावरच्या मुलीनं आमच्या मनगटांवर सोनेरी कागदी पट्टे चिकटवले आणि शिट्टी गळ्यात अडकवलेल्या वॉचमननं मला चक्क सलाम ठोकला. मला! आमच्या ऑफिसात शिपाईसुद्धा माझ्याकडं बघून फक्त जांभई देतो. मी पदर सावरायला गेले, तेव्हा लक्षात आलं की आज ड्रेस घातलाय.

आत्याबाई मात्र गालिच्यावर थांबून रांगेकडं बघत होत्या.

"सुनंदे, ही मानसं कावून उभी हायत?"

"त्यांचं साधं तिकीट आहे."

"कवाधरून?"

"सकाळपासून असतील."

"मग आपन त्यांच्या म्होरून कावून चाललोत?"

"आपला पास आहे ना, आत्याबाई."

"आसं," त्या म्हणाल्या. भाजीत मीठ जास्त झालं की त्या हेच 'आसं' म्हणतात.

पुढचा कार्यक्रम म्हणजे नुसती धावपळ. रांग नाही म्हटल्यावर दम खायला जागा नाही! छोट्या रेल्वेतून उतरलो की होडीत, होडीतून उतरलो की फिरत्या कपबशीत. पाळण्याचं नाव काढलं की आत्याबाई मात्र म्हणायच्या, 'दमानं बसू.' भुताच्या घरात तर आम्ही इतक्या लवकर घुसलो, की भुतं तयारच नव्हती. एक हडळ मुखवटा मांडीवर ठेवून चहा पीत बसली होती. "आत्याबाई, घाबरू नका," मी म्हटलं. "मी कशाला भेऊ? बाई, च्या थंड हुईल, पी तू," आत्याबाई हडळीला म्हणाल्या.

कपबशीतून उतरल्यावर ह्यांचा चेहरा दुधीभोपळ्यासारखा झाला होता. ते एका बाकावर आडवे झाले. मी म्हटलं, पैसे भरलेत, एक घसरगुंडी करून घेऊ. मी एकटीच गेले, घसरले, पाण्यात पडले आणि नाकातोंडात पाणी घेऊन वर आले. मनगटाकडं बघितलं, तर सोनेरी पट्ट्याचा लगदा झालेला. घसरगुंडी पाण्याची, आणि पट्टा कागदाचा! (आमच्या ऑफिसातसुद्धा इतकं उत्तम नियोजन होत नाही.)

निथळत बाकापाशी आले. हे आडवेच. अस्मिता आइस्क्रीम खात होती.

"आजी कुठाय?"

"तुझ्याबरोबर नव्हती?"

एवढं मोठं पार्क, एवढी माणसं, आणि आमची म्हातारी मोबाइल वापरत नाही. ह्यांचा भोपळा एका क्षणात उठून उभा राहिला. हे एकीकडं पळाले, अस्मिता दुसरीकडं. मी होडीजवळ शोधलं, रेल्वेत शोधलं, भुताच्या घरातल्या हडळीलासुद्धा विचारलं. तीही बिचारी मुखवटा टाकून शोधायला लागली. शेवटी तिनंच हात केला, "त्या बघा! पाळण्याच्या लाइनीत!"

आकाशपाळण्याच्या साध्या रांगेवर हिरव्या जाळीचं छत होतं. त्याच्याखाली, रांगेच्या बरोबर मधोमध, आमच्या आत्याबाई उभ्या. पदर डोक्यावर, हातात कुणीतरी दिलेलं धपाटं, आणि चेहरा असा निवांत की जणू त्या तिथंच राहायला आल्यात.

मी माणसं बाजूला करत निघाले. "जरा सरका... जाऊ द्या... माझ्या सासूबाई आहेत..."

"ओ ताई! आमी काय येडे म्हनून उभे हाव का?" एक जण ओरडला.

"लाइनीत या की!" दुसरा.

शिट्टी वाजली. सकाळी मला सलाम ठोकणारा तोच वॉचमन! "ताई, पास दाखवा."

मी मनगटावरचा लगदा पुढं केला. त्यानं बोटानं हलवून बघितला. "हे काय हाय?"

"हाच पास आहे. भिजलाय."

"आसं कसं? कुनी बी काय बी चिकटवून आनील." मग तो आत्याबाईंकडं वळला. "आजी, ह्या बाई तुमच्यासंगं हायत का?"

आत्याबाईंनी धपाट्याचा घास शांतपणे गिळला. "मपली सूनच हाय ती. चांगली हाय. पर लाइन ती लाइन. सुनंदे, जा, मागून ये."

सगळी रांग हसली. मी, गोल्डन पासवाली, भिजलेल्या चपला फचफच वाजवत रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा बाहेरच्या बाजूनं!

पहिल्यांदा फार राग आला. मग हळूहळू राग वाळला, ड्रेस वाळला. जाळीतून हिरवं ऊन झिरपत होतं, सगळ्यांचे चेहरे तळ्याच्या तळाशी असल्यासारखे दिसत होते. एक मोठा पंखा पाण्याचे बारीक तुषार उडवत होता. ते अंगावर यायचे, पण भिजवायचे नाहीत. लांब कुठंतरी पोरं पाण्यात किंचाळायची आणि तो आवाज इथवर येईस्तोवर मऊ होऊन जायचा. पुढच्या माणसाच्या खांद्यावर एक लेकरू झोपलं होतं. त्याच्याकडं बघता बघता माझेही डोळे जड झाले. उभ्या उभ्या स्वप्न पडलं, की ही रांग पार्कातून निघून, शेतांमधून, केजपर्यंत गेलीय आणि माझ्याच खिडकीपाशी संपतीय. मी रांगेतून वाकून बघितलं, तर खिडकीत मीच! आणि मी मलाच म्हणाले, "जेवणाची सुट्टी आहे, नंतर या."

दचकून जागी झाले, तर समोर आत्याबाई.

"तुम्ही इथं कशा? तुम्ही तर पार पुढं होतात!"

"तू मागं ऱ्हायलीस ना. मग जो मागं यील त्याला म्हनलं, तुमी व्हा म्होरं, मपली सून यायलीय." त्यांनी शेजारच्या बाईकडं हात केला. "ही दिंद्रुडची हाय. मपल्यासंगं बोलत ऱ्हायली, म्हनून ती बी मागं ऱ्हायली."

दिंद्रुडच्या बाईनं हसून मलाही धपाटं दिलं. तेवढ्यात वरून हाक आली, "आईऽऽ!" आजी सापडल्यावर अस्मिता आपला पट्टा दाखवून पाळण्यात बसली होती. एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा तिच्यात हात हलवायचासुद्धा उत्साह उरला नाही.

"आत्याबाई, गुडघे दुखत नाहीत?" मी विचारलं.

"दुखत्यात की."

"मग? आपण आल्या आल्या बसलो असतो."

आत्याबाईंनी माझ्या धपाट्याचा एक तुकडा मोडून घेतला.

"मी लहान हुते, तवा जत्रंत पाळना यायचा. हाताचा, लाकडी. आमच्या वस्तीच्या लेकरांना लाइनीत उभं ऱ्हाऊ देत नव्हते. लांब लिंबाखाली बसायचं. म्हनायचे, सगळ्यांचं झालं की बघू. सगळ्यांचं हुईस्तोवर पाळनावाला पाळना सोडून गाडीत भरायचा." त्यांनी हातावरचे तीळ झटकले. "आज मी इथं आले, तर कुनी इचारलं न्हाई तू कोन, कुठली. नुस्तं म्हनले, आजी, मागं उभ्या ऱ्हावा. लई ग्वाड वाटलं बघ."

त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, तक्रार तर त्याहून नव्हती. मी मात्र पंख्याकडं तोंड करून उभी राहिले. तुषारांचा एक फायदा आहे, चेहरा कशानं ओला झालाय ते कुणाला कळत नाही. रांग एक पाऊल सरकली. आम्ही दोघी एक पाऊल सरकलो. मला तर वाटायला लागलं, ही रांग संपूच नये.

पण संपली, आणि पाळणा समोर आला! जवळून तो मोबाइलवरच्यापेक्षा फारच मोठा होता. आमची पाळी आली म्हटल्यावर अस्मिता आणि हे आपल्या सोनेरी दारातून शिरून आमच्या पुढच्याच पाळण्यात जाऊन बसले. आम्ही बसलो. दांडा खटकन् लागला. पाळणा हलला आणि माझे डोळे आपोआप मिटले. मी आत्याबाईंच्या कमरेला अशी मिठी मारली, की सासू-सुनेचं इतकं प्रेम आमच्या वस्तीत कुणी बघितलं नसेल.

"सुनंदे, डोळे उघड की."

"नाही आत्याबाई! तुम्हीच सांगा काय दिसतंय ते."

आणि आत्याबाई सांगायला लागल्या. वारा कानाशी सळसळत होता, ऊन कलायला लागलं होतं, आणि मिटल्या डोळ्यांच्या त्या अंधारात त्यांचा आवाज. "खाली मानसं मुंग्यावानी दिसायलीत. त्यो बघ हायवे, करदोड्यावानी. नांगरून ठिवलेली रानं हायत, चॉकलेटाच्या वड्या जनू. डोंगर हायत निळे. आन् डोंगराच्या पल्याड कपिलधार. पानी पडायलंय वरून, दुधावानी पांढरं." मला सगळं दिसलं. अगदी पाण्याचा गारवासुद्धा लागला. इतकं सुंदर दृश्य मी डोळे उघडे ठेवून कधी बघितलेलं नाही.

सोमवारी ऑफिसात मी हे सगळं वर्णन रंगवून सांगितलं. हायवे, चॉकलेटी रानं, निळे डोंगर. कपिलधारच्या धबधब्यापाशी आले, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे साहेब चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, मे महिन्यात कपिलधारला पानी असतंय व्हय?"

संध्याकाळी घरी येऊन मी आत्याबाईंना विचारणार, तेवढ्यात अस्मितानं पुढच्या पाळण्यातून वळून काढलेला फोटो दाखवला. फोटोत मी, आत्याबाईंच्या खांद्याला गाल चिकटवून, डोळे गच्च मिटलेली. आणि माझ्या शेजारी आत्याबाई, ताठ बसलेल्या, एक बोट डोंगराकडं रोखलेलं आणि दोन्ही डोळे माझ्यापेक्षाही गच्च मिटलेले!

"आत्याबाई! तुम्ही पण?"

"मग काय करू? तू भेलीस, मी बी भेले म्हनून सांगू व्हय? कुनीतरी बघाय पायजे ना!"

ह्यांनी हौसेनं त्या फोटोतले आमच्या दोघींचे चेहरेच मोठे करून बैठकीत लावले. पाळणा कापला गेला, दांडा कापला गेला. राहिले फक्त मिटलेले डोळे. आलेगेले त्याच्यापुढं उभे राहतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, "वहिनी, कुठल्या ध्यानशिबिराचा फोटो? काय शांती हाय चेहऱ्यावर!" मी पहिल्यांदा खरं सांगायचे. नंतर कंटाळा आला. परवा आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारातून माणसं आली होती, पौर्णिमेला मन स्थिर कसं ठेवावं यावर मी दोन शब्द बोलावेत म्हणून.

मी हो म्हणून बसलेय!