उष्टं ग्लायकोल

भोसरीत कुणी धंदा विचारला की हिंदुराव छाती पुढे काढून "ग्लायकोल" म्हणत, आणि त्यांच्या पत्नी अंबूबाई लगेच "उष्टं" म्हणत. दोघांचंही खरंच होतं. कारखान्यांत यंत्रं थंड ठेवायला पाइपांतून वर्षानुवर्षं फिरलेलं, गंजानं काळवंडलेलं ग्लायकोल हिंदुराव पिंपं भरभरून आणत. आपल्या शेडमधल्या केटलमध्ये, म्हणजे मोठ्या बंद हंड्यात, ते तापवत. आधी पाण्याची वाफ जाई, मग ग्लायकोलची वाफ निघे. ती थंड केली की स्वच्छ माल, आणि घाण तळाशी. जमिनीवर खोल्या बांधून भाड्यावर आरामात बसलेले भाऊबंद त्यांना येड्यात काढत. त्याचं हिंदुरावांना काही नव्हतं. बायकोचं बोलणं मात्र फार लागे.

अंबूबाईंचा कायदा साधा होता. एकानं वापरलं ते उष्टं. मग उकळा, गाळा, नाहीतर इंद्रायणीत बुडवा. शेडमधून आलेल्या माणसानं मागच्या मोरीत अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. त्या स्वतः तर शेडकडे फिरकल्याही नव्हत्या.

"लग्नात म्या चावलेला घास खाल्लास की! त्यो उष्टाच व्हता," हिंदुराव एकदा चिडून म्हणाले.

"त्यो घास व्हता. डबकं नव्हतं."

शेवटी हिंदुरावांनी पैज लावली. चाकणची एक कंपनी आपलंच वापरलेलं ग्लायकोल शुद्ध करून परत घ्यायच्या विचारात होती. नमुना बघायला तिथल्या मॅडम खंडेनवमीलाच येणार होत्या. "तू बी पूजेला ये. ज्यांनी टाकलं त्यांनीच परत घेतलं, तर पुन्हा उष्टं म्हणायचं न्हाई. कबूल?"

अंबूबाई कबूल झाल्या. पैजेसाठी नव्हे, पूजेचं बोलावणं मोडू नये म्हणून.

खंडेनवमीला शेड झेंडूनं सजली. नमुना काढण्यासाठी धनेश या ऑपरेटरनं तयार मालाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि तो बाटली आणायला गेला. हिंदुराव नारळ शोधत होते. ऐन पूजेच्या वेळी नारळ हरवला नाही तर ते हिंदुराव कसले! अंबूबाईंनी टाकीत डोकावून पाहिलं. आत विहिरीसारखं नितळ. माहेरी नव्या विहिरीला पाणी लागलं की आधी हळदकुंकू वाहायचे. इथं कुणी वाहिलेलं दिसेना. त्यांनी मूठभर हळद, मूठभर कुंकू आत सोडलं आणि मनोभावे हात जोडले. टाकीवर विषाची कवटी रंगवली होती, तिलाही कुंकू लावलं.

चाकणच्या मिनल मॅडम आल्या. धनेशनं बाटली बुडवून वर काढली, तर माल पिवळाधमक.

"ह्यो... सणाचा रंग हाय, मॅडम," हिंदुराव म्हणाले. खोटं बोलायलाही सराव लागतो, आणि तो त्यांना नव्हता.

"हळद हाय ती," अंबूबाई ठणकावून म्हणाल्या. "म्या वाहिली. न वाहता पानी उपसत्यात व्हय?"

हिंदुरावांनी डोळे मिटले. ऑर्डर गेली, पैज गेली, आणि आता जन्मभर उष्टं ऐकायचं.

मिनल मात्र खळखळून हसल्या. "हळद निघाली नाही, तर आमचा गंज काय निघणार? चढवा हेच परत. मी थांबते."

धनेशनं नमुन्यांची छोटी केटल लावली. अंबूबाई काचेच्या नळीसमोर बसल्या, दूध उतू जाईल या धास्तीनं बसावं तशा. आधी उरलंसुरलं पाणी आलं. मग ग्लायकोल, थेंब थेंब. पिवळेपणाचा मागमूस नाही. धनेशनं तळाचा कॉक उघडला तेव्हा पिवळालाल चिखल बदकन घमेल्यात पडला.

मिनलनी बाटली उजेडात धरली. "लॅबमध्ये तपासणी होईलच. पण पहिली गाडी भरायची तयारी ठेवा."

अंबूबाई घमेल्याकडे बघत राहिल्या. पैज कोण जिंकलं हे विचारायची हिंदुरावांची छाती झाली नाही.

संध्याकाळी ते सवयीनं मागच्या मोरीकडे वळले.

"तिकडं कुठं? पुढनं या," आतून आवाज आला.

"आन् उष्टं?"

"हळद निघाली, कुकू निघालं. मग उष्टं कुठं राह्यलं? पर हात धुवा, त्ये सोडलं न्हाई म्या."

हिंदुरावांनी हात धुतले. दोनदा धुतले, उगाच वाद नको. अंबूबाईंनी ताट वाढलं, घरात कुणी बघत नाही याची खात्री केली, पुरणपोळीचा एक घास आधी स्वतः खाल्ला आणि हातातला उरलेला तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला.