माळकऱ्याचं लिव्हर

गावोगाव नुकते मोबाईल आले होते तेव्हाची गोष्ट. आळेफाट्याला एका दवाखान्यात माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. गळ्यात तुळशीची माळ, पोटावर ताणलेला सदरा. त्यांची बायको समोर उभी होती.

डॉक्टर सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आले. म्हणाले, "लिव्हरवर चरबी आहे, सूजही आहे."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "कवापासून पिताय?"

"माळंची आण, थेंबाला शिवलो न्हाई!" गृहस्थांनी गळ्यातली माळ मुठीत धरली.

"मावशी, हे दारूमुळे नाही," डॉक्टर म्हणाले. "वाढलेलं पोट आणि रक्तातली साखर, यांनीही लिव्हर असंच बिघडतं. पुढे हृदयालाही त्रास होतो. वजन उतरवायलाच हवं."

गृहस्थांचा चेहरा खुलला. मला म्हणाले, "ऐकलं ना राव? दारू न्हाई. तुमी साक्षीला हाय."

मी मान हलवली.

बायको मात्र मटकन खाली बसली. "दारू असती तर शपथ घालून सोडवली असती. हे तर माझ्याच हातचं खाऊन झालंय."

गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून कमी वाढ. मी मागितलं तरी देऊ नको."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"उद्या कशाला?" ती म्हणाली.